बर्फाखालचा समुद्र: कल्पित चंद्र आणि खरं गणित

मंडळी, १९७७ हे साल नीट बघा. फेब्रुवारीत पॅसिफिक महासागरात, गालापागोस बेटांजवळ, ‘आल्विन’ नावाची छोटी पाणबुडी साधारण अडीच हजार मीटर खाली उतरली. तिथे सूर्यप्रकाशाचा मागमूस नाही. तरीही गरम पाण्याच्या झऱ्यांभोवती शिंपले आणि नळीसारखे लांब किडे दाटीवाटीने नांदत होते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दोन्ही व्हॉयेजर यानं गुरूच्या दिशेने सुटली. आणि त्याच वर्षी अमेरिकेत ‘गेम डिझायनर्स वर्कशॉप’ नावाच्या लहानशा कंपनीने मार्क मिलर यांचा ‘ट्रॅव्हलर’ हा खेळ बाजारात आणला. खोक्यात तीन पातळ काळ्या पुस्तिका, बाकी सगळं टेबलावर बसून, फासे टाकून आणि बोलून खेळायचं.

या तीन गोष्टींचा तेव्हा एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता. पण आज कोणी विज्ञानकथेच्या खेळासाठी बर्फाळ चंद्र रचायला बसलं, की तिघींची गाठ पडते. हा लेख त्या गाठीबद्दल आहे. तुमच्यापैकी बरेच जण सध्या नेट-सेट आणि पीएचडी प्रवेशाच्या तयारीत आहात, म्हणून वाटेत ‘लिटरेचर रिव्ह्यू’च्या एक-दोन गोष्टी येतील. मुद्दाम आणलेल्या नाहीत, त्या या इतिहासातच आहेत.

आधी ‘ट्रॅव्हलर’चं यंत्र समजून घेऊ. या खेळात कुठलंही जग म्हणजे अंकांची आणि अक्षरांची एक ओळ. अवकाशतळ कसा, आकार किती, वातावरण कसलं, पाणी किती, लोकसंख्या, सरकार, कायदा, तंत्रज्ञान. आकार हजार मैलांच्या हिशोबात. फासे टाकायचे, सांगितलेले आकडे मिळवायचे किंवा वजा करायचे, आणि जग तयार. पाण्याचा आकडा काय सांगतो, तर पृष्ठभागाचा किती भाग पाण्याने झाकलेला आहे. शून्य म्हणजे कोरडं, दहा म्हणजे सगळं समुद्रच समुद्र. जग लहान असेल तर पाणी कमी, आणि हवा नसेल किंवा नावालाच असेल तर त्यातून आणखी चार वजा.

हा नियम मूर्खपणाचा नव्हता, हे आधी सांगते. हवेचा दाब नसेल तर पृष्ठभागावरचं पाणी एकाच वेळी उकळतं आणि गोठतं, टिकत नाही. मंगळाकडे, आपल्या चंद्राकडे बघून कोणीही हाच नियम लिहिला असता. गोची दुसरीकडे आहे. त्या ओळीत ‘खाली काय आहे’ असा रकानाच नाही. गुरूचा चंद्र युरोपा या कोष्टकात बसवायचा तर आकार २ (व्यास सुमारे ३१२० किलोमीटर, म्हणजे दोन हजार मैलांच्या जरा आत), हवा जवळजवळ शून्य, पाणीही बहुधा शून्य. आज आपण मानतो की या ‘कोरड्या’ चंद्रावर पृथ्वीच्या सगळ्या महासागरांत मिळून आहे त्याच्या साधारण दुप्पट पाणी आहे. फॉर्ममध्ये रकाना नसला की ती गोष्ट कोणी भरत नाही. तुमच्या स्वतःच्या डेटाशीटचे रकाने ठरवताना हे लक्षात असू द्या.

समुद्र गोठवणारे आणि वितळवणारे

‘ट्रॅव्हलर’च्या लेखकांना ठाऊक असो वा नसो, बर्फाखालच्या समुद्राची कल्पना तेव्हा सहा वर्षांची झालेली होती. १९७१ साली जॉन लुईस यांनी ‘इकॅरस’ या नियतकालिकात बाह्य ग्रहांच्या चंद्रांवर एक पेपर लिहिला. युक्तिवाद साधा होता. हे चंद्र बर्फ आणि खडकांचे. खडकात युरेनियम, थोरियम, पोटॅशियमचा किरणोत्सर्गी भाग असणारच. त्याची उष्णता हळूहळू साठते. वर थंड बर्फाचं जाड पांघरूण. मग आतला बर्फ का वितळू नये? त्यात अमोनिया मिसळला असेल तर काम आणखी सोपं, कारण पाणी-अमोनियाचं मिश्रण शून्याखाली जवळपास शंभर अंशांपर्यंत द्रव राहू शकतं. पॉटमधलं आईस्क्रीम करताना बर्फात खडेमीठ घालतात ना, त्याच जातीचं हे प्रकरण, फक्त बरंच टोकाचं.

लुईस यांचा एमआयटीतला विद्यार्थी गाय कॉन्सोल्मॅग्नो. त्याने १९७५ च्या आपल्या मास्टर्सच्या थिसिसमध्ये या चंद्रांच्या आतल्या थरांची संगणकावर मॉडेलं केली. त्या थिसिसमध्ये एका जागी तो म्हणतो की या द्रव थरांत जीव असतील असं आम्ही सुचवत नाही, ते काम अशा कल्पनांत आमच्यापेक्षा मुरलेल्यांवर सोडतो. मला ही ओळ फार आवडते. विद्यार्थ्याने दार दाखवलंय, हात मात्र कडीला लावला नाही. (हाच कॉन्सोल्मॅग्नो पुढे जेझुइट ब्रदर झाला आणि व्हॅटिकन वेधशाळेचा संचालकही झाला.)

आता खरी गंमत. १९७९ च्या सुरुवातीला रे रेनॉल्ड्स आणि पॅट्रिक कॅसन या नासाच्या एम्स केंद्रातल्या दोघांनी हा समुद्र गोठवून टाकला. त्यांचं म्हणणं असं: लुईस यांच्या हिशोबात बर्फ घोंगडीसारखा स्तब्ध पडून राहतो आणि उष्णता त्यातून झिरपत बाहेर जाते. पण वितळणबिंदूच्या जवळचा बर्फ काही स्तब्ध राहत नाही, तो वाहतो. हिमनद्या वाहतात तसा. खालचा कोमट बर्फ वर येतो, वरचा गार बर्फ खाली जातो, पातेल्यात तापणाऱ्या दुधासारखा, फक्त लाखो वर्षांच्या गतीने. या अभिसरणाने उष्णता इतक्या झपाट्याने बाहेर पडते की किरणोत्सर्गी उष्णता पुरी पडत नाही. समुद्र गोठतो.

युक्तिवाद भक्कम होता. आणि त्याच वर्षी, काही महिन्यांत, याच दोघांनी स्टॅन्टन पील यांच्यासोबत आणखी एक पेपर छापला. शीर्षकच प्रश्नार्थक: युरोपावर द्रव पाणी आहे का?

मध्ये काय झालं? आयो झाला. २ मार्च १९७९ रोजी पील, कॅसन आणि रेनॉल्ड्स यांचा ‘सायन्स’मधला पेपर प्रसिद्ध झाला. त्यात म्हटलं होतं की गुरूचा आयो हा चंद्र भरती-ओहोटीच्या घुसळणीने आतून वितळलेला असावा. ५ मार्चला व्हॉयेजर १ गुरूजवळून गेलं आणि पुढच्या काही दिवसांत लिंडा मोराबिटो यांना एका छायाचित्रात आयोच्या कडेवर ज्वालामुखीचा फवारा दिसला. भाकीत आणि पडताळा यांत आठवडाभराचं अंतर! विज्ञानाच्या इतिहासात असं नशीब फार कमी जणांच्या वाट्याला येतं.

भरती-ओहोटीची उष्णता म्हणजे काय ते इथे नीट बघू, कारण पुढे कल्पित चंद्र रचताना सगळा खेळ याच्यावरच आहे. लोखंडी तार एकाच जागी वाकवत राहिलात तर ती जागा गरम होते. आयो गुरूभोवती जराशा लंबगोल कक्षेत फिरतो, म्हणून गुरूची ओढ कधी जास्त, कधी कमी, आणि दर फेरीला आयोचं अंग ताणलं-सैलावलं जातं. तार वाकते, तापते. पण या उष्णतेचा खर्च कक्षेच्या लंबगोलपणातूनच जातो. एकटा चंद्र असेल तर कक्षा हळूहळू गोल होते आणि शेगडी विझते. आयोची विझत नाही, कारण आयो, युरोपा आणि गॅनिमिड हे १:२:४ अशा तालात बांधलेले आहेत. युरोपाची एक फेरी साडेतीन दिवसांची, तेवढ्यात आयोच्या दोन. झोपाळ्याला ठरावीक वेळी धक्का देत राहावं तसे हे तिघं एकमेकांच्या कक्षा लंबगोल ठेवतात. ऊर्जा शेवटी येते ती गुरूच्या स्वतःभोवतीच्या फिरण्यातून.

तर आयोला जे होतं ते थोड्या कमी प्रमाणात युरोपाला का होऊ नये? म्हणून तो दुसरा पेपर. आणि जुलैत व्हॉयेजर २ ने युरोपाचे जवळून फोटो काढले तेव्हा दिसलं काय, तर जवळजवळ सपाट, पांढरा, रेघोट्यांनी भरलेला गोळा. उल्कापातांची विवरं फारच थोडी, म्हणजे पृष्ठभाग नवा.

इथे बहुतेक लोकप्रिय पुस्तकं ‘आणि समुद्राचा शोध लागला’ म्हणून पुढे जातात. तसं झालं नाही. १९८० साली याच त्रयीने त्याच नियतकालिकात दोन पानांची दुरुस्ती छापली. भरती-ओहोटीच्या हिशोबात चूक होती, दुरुस्तीनंतर उष्णतेचा अंदाज खाली आला. समुद्र टिकेल की नाही हे पुन्हा काठावर आलं. त्यातली एक खोच मला पीएचडीच्या पहिल्या वर्षी कळायला वेळ लागला होता: समुद्रावर तरंगणारं बर्फाचं कवच सहज वाकतं, म्हणून जास्त तापतं. आरपार गोठलेला चंद्र ताठ असतो, कमी वाकतो, कमी तापतो. म्हणजे समुद्र आधीपासून असेल तर तो स्वतःला टिकवायला मदत करतो, आणि एकदा पूर्ण गोठला तर परत वितळवणं अवघड. त्यामुळे ‘उष्णता किती’ एवढंच विचारून भागत नाही, चंद्राचा भूतकाळही विचारावा लागतो.

हे सगळं मी इतकं रेंगाळत सांगतेय कारण आपल्याकडे ‘करेक्शन’ म्हणजे नामुष्की अशी समजूत विद्यार्थ्यांत घट्ट बसलेली आहे. इथे तीन जणांनी आपलंच सर्वात आकर्षक अनुमान आपल्याच हाताने कमकुवत केलं, आणि पुढे १९८३ मध्ये सुधारित हिशोब घेऊन ते स्टीव्ह स्क्वायर्स यांच्यासोबत त्याच प्रश्नाकडे परत आले. त्या दुरुस्तीमुळे त्यांचं वजन कमी झालं नाही.

क्लार्कचा प्राणी

कॉन्सोल्मॅग्नोने न उघडलेलं दार विज्ञानकथेने उघडलं. १९८२ साली आर्थर सी. क्लार्क यांची ‘२०१०: ओडिसी टू’ आली. त्यात चिनी यान ‘त्सिएन’ इंधनासाठी पाणी भरायला युरोपावर उतरतं. यानाच्या दिव्यांकडे ओढला जाऊन बर्फाखालून एक वनस्पतीसारखा प्राणी सरपटत वर येतो आणि यानाचा निकाल लावतो. कादंबरीच्या शेवटी मानवाला युरोपावर उतरायला मनाई होते. गालापागोसचे झरे आणि व्हॉयेजरच्या रेघोट्या, दोन्ही धागे या एका गोष्टीत एकत्र आले.

क्लार्क यांनी या कल्पनेचं श्रेय रिचर्ड होगलंड यांच्या १९८० च्या एका मासिक-लेखाला दिलं. होगलंड पुढे मंगळावरच्या ‘चेहऱ्या’च्या दाव्यांमुळे गाजले, वैज्ञानिकांच्या वर्तुळात त्यांची पत राहिली नाही. त्यामुळे काही जण ते नाव गाळतात, तर काही जण उलट ‘युरोपाच्या समुद्राची कल्पना होगलंडची’ असं ठोकून देतात. दोन्ही चूक. समुद्र लुईस यांच्या पेपरात आणि कॉन्सोल्मॅग्नोच्या थिसिसमध्ये आधीच होता, जिवांचा उल्लेखही (नकारार्थी का होईना) तिथे होता. होगलंड यांनी झऱ्यांची आणि युरोपाची गोष्ट वाचकांपर्यंत नेली, एवढं श्रेय त्यांचं. ‘कोणी आधी म्हटलं’ हे शोधताना माणूस पुढे काय झाला हे विसरायचं आणि तारीख बघायची. माझ्या गाईडचं या बाबतीत वाक्य ठरलेलं आहे: आधी साल, मग आदर.

खेळांच्या दुनियेत ‘ट्रॅव्हलर’ने १९८३ साली ‘स्काउट्स’ हे पुस्तक काढून चंद्रांसकट अख्खी ग्रहमाला रचायची सोय केली. पण पाण्याचा रकाना तसाच, पृष्ठभागापुरता राहिला. एक-दोन वर्षांपूर्वीचं विज्ञान कादंबरीत आलं, कोष्टकात आलं नाही. मला वाटतं याचं कारण आळस नाही. कादंबरीकाराला एक चंद्र पटवून द्यायचा असतो, कोष्टकाला हजार. हजारांसाठी नियम लिहायचा तर त्यामागे काहीतरी पक्कं लागतं, आणि १९८३ मध्ये पक्कं असं काहीच नव्हतं.

इंडक्शनची शेगडी

पक्कं मिळालं ते एका अर्धवट बिघडलेल्या यानाकडून. गॅलिलिओ यान १९८९ मध्ये निघालं. १९९१ मध्ये त्याची छत्रीसारखी मुख्य अँटेना उघडायचा प्रयत्न झाला, ती उघडलीच नाही. सेकंदाला १ लाख ३४ हजार बिट पाठवायचा बेत होता, हातात उरली दुय्यम अँटेना, आणि सगळे उपाय करूनही सेकंदाला १६० बिटच्या आसपास मजल. आजच्या व्हॉट्सॲपवरचा एखादा फोटो पाठवायला तिला अर्धा दिवस लागला असता.

फोटो आले, चांगले आले. मोडून-सरकून परत गोठलेले बर्फाचे तुकडे दिसले. पण फोटोंनी प्रश्न सुटत नव्हता, कारण खाली मऊ, कोमट बर्फ असला तरी वरचं दृश्य साधारण असंच दिसू शकतं. उत्तर दिलं मॅग्नेटोमीटरने, ज्याला मुळात कमीच बिट लागतात.

स्वयंपाकघरातली इंडक्शन शेगडी आठवा. ती स्वतः भांड्याला तापवत नाही. ती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार करते, त्याने स्टीलच्या बुडात वीजप्रवाह फिरतो आणि बूड तापतं. मातीचं भांडं ठेवा, काही होत नाही. आता गुरूचा चुंबकीय अक्ष त्याच्या फिरण्याच्या अक्षाशी सुमारे १० अंशांनी कललेला आहे. म्हणून युरोपाला दर सव्वाअकरा तासांनी एका पूर्ण चक्रात बदलणारं चुंबकीय क्षेत्र भोगावं लागतं. खाली खारट पाणी असेल तर ते स्टीलसारखं वागेल: त्यात प्रवाह फिरतील आणि त्यांचं स्वतःचं उलट क्षेत्र तयार होईल. नुसता बर्फ असेल तर मातीचं भांडं.

यूसीएलएच्या मार्गारेट किव्हेल्सन आणि त्यांचे सहकारी कृष्ण खुराना यांच्या गटाला हे उलट क्षेत्र दिसलं. १९९८ मध्ये ‘नेचर’मध्ये पेपर आला, युरोपा आणि कॅलिस्टो दोन्हींसाठी. पण एक पळवाट उरली होती. युरोपाच्या पोटात कायमचा चुंबक असेल तर? तोवरच्या फेऱ्यांत गुरूचं क्षेत्र बहुतेक एकाच बाजूला होतं, त्यामुळे कायमचा चुंबक आणि इंडक्शन यांतला फरक कळायला मार्ग नव्हता. मग फेरी अशी ठरवली की त्या क्षणी गुरूचं क्षेत्र उलट बाजूला असेल. ३ जानेवारी २००० रोजी गॅलिलिओ युरोपाजवळून गेलं. कायमचा चुंबक असता तर त्याने दिशा बदलली नसती. दिशा बदलली होती.

प्रयोगाची रचना शिकवताना मी हे उदाहरण कायम देते. नवा डेटा गोळा करायचा तो आपलं म्हणणं खरं ठरवण्यासाठी नाही, दोन म्हणण्यांत जिथे फरक पडतो नेमक्या त्या जागी. बाकी कितीही फेऱ्या मारल्या असत्या तरी पळवाट तशीच राहिली असती.

कॅलिस्टोने मात्र गोंधळ वाढवला. तो त्या १:२:४ च्या तालात नाही, विवरांनी भरलेला जुनाट चंद्र, भरती-ओहोटीची उष्णता जवळपास नाहीच. तरी संकेत तसाच. (त्यातला काही वाटा त्याच्या विरळ वातावरणातल्या विद्युतभारित थराचा असू शकतो, असा आक्षेप नंतर आला.) म्हणजे लुईस यांचा १९७१ चा किरणोत्सर्गी उष्णतेचा आणि अमोनिया-मिठाचा रस्ता अगदी बंद झालेला नव्हता.

आणि मग २००५. शनीजवळ कॅसिनी यान. एन्सेलाडस या चंद्राचा व्यास साधारण ५०४ किलोमीटर, पुण्याहून हैदराबादचं हवाई अंतर जवळपास तेवढंच. एवढा लहान गोळा आतून कधीच थंड झालेला असणार, असा कोणाचाही अंदाज. पण मिशेल डोहर्टी यांच्या मॅग्नेटोमीटर गटाला पहिल्या दोन फेऱ्यांत शनीचं क्षेत्र तिथे वाकल्यासारखं दिसलं, जणू चंद्राभोवती काहीतरी आहे. त्यांनी जुलैची फेरी आणखी जवळून, १७३ किलोमीटरवरून, करायला लावली. दक्षिण ध्रुवावरच्या भेगांतून पाण्याची वाफ आणि बर्फाचे कण उसळत होते. पुढे २०१५ मध्ये या चंद्राच्या डुलण्यावरून कळलं की वरचं कवच खालच्या खडकाला चिकटलेलंच नाही, मध्ये पूर्ण गोलभर समुद्र आहे. २०१७ मध्ये फवाऱ्यात हायड्रोजन सापडला, २०२३ मध्ये फॉस्फेट.

१९८५ साली एखाद्या मुलाने खेळासाठी एन्सेलाडससारखा चंद्र रचला असता, तर टेबलावरच्या अभ्यासू मित्राने तो ‘अशक्य’ म्हणून बाद केला असता. आणि त्याचं तेव्हाचं गणित बरोबरच असतं.

आज चंद्र रचताना

२००६ च्या ‘गर्प्स स्पेस’ या खेळपुस्तकात लहान जगांचे प्रकार आहेत, त्यात गंधकाचा एक प्रकार सरळ आयोवरून घेतलेला. त्याचे एक लेखक जेम्स कॅम्बिआस. त्यांची २०१४ ची कादंबरी ‘अ डार्कलिंग सी’ इल्मातार नावाच्या बर्फाळ चंद्राच्या अंधाऱ्या समुद्रात घडते, आणि तिथले रहिवासी आंधळे, ध्वनीवर जगणारे. कोष्टक लिहिणारा माणूस शेवटी एकाच चंद्रात उतरला, हे मला बरोबर वाटतं.

आमच्या लॅबमधले दोन ज्युनिअर असाच खेळ रचतायत. मध्यंतरी त्यांचा चंद्र माझ्याकडे तपासायला आला. एकटा चंद्र, मोठ्या ग्रहाभोवती गोल कक्षेत, खाली गरम समुद्र. मी विचारलं, शेगडी कुठेय? तर म्हणे, “ताई, चंद्र आपला आहे, ठेवू की समुद्र.” ठेवा, पण मग दुसरा चंद्र द्या तालात, किंवा खडक जास्त द्या आणि समुद्र अमोनियाचा करा, गार. त्यांनी अमोनिया निवडला आणि अख्खी गोष्टच बदलली, कारण त्या पाण्यात माणसाला सूट फाटलेला परवडत नाही.

दाबाचा हिशोब तर सगळ्यांचा चुकतो. ‘शंभर किलोमीटर खोल समुद्र’ म्हटलं की लोकांना सगळं चिरडलेलं दिसतं. फिनलंडमध्ये बनलेला ‘बॅरोट्रॉमा’ हा युरोपाच्या समुद्रातल्या पाणबुड्यांचा खेळ (२०२३ मध्ये पूर्ण स्वरूपात आला) तर नावापासून दाबावर उभा आहे. पण दाब म्हणजे घनता गुणिले गुरुत्व गुणिले खोली, आणि युरोपाचं गुरुत्व पृथ्वीच्या जेमतेम १३ टक्के. २० किलोमीटर बर्फ धरला तर त्याच्या खाली दाब सुमारे २४० वातावरणं. म्हणजे आल्विन १९७७ मध्ये जिथे उतरली होती, साधारण तेवढाच! १०० किलोमीटर खाली, तळाशी, सुमारे १२५०. मरियाना गर्तेच्या तळापेक्षा थोडा जास्त, आणि तिथे माणूस १९६० मध्येच जाऊन आला आहे. एन्सेलाडसवर तर गुरुत्व पृथ्वीच्या एक टक्क्याच्या आसपास. २० किलोमीटर बर्फाखाली दाब फक्त २० वातावरणं, म्हणजे आपल्या समुद्रात २०० मीटर. सरावलेले पाणबुडे पोचतात तिथपर्यंत. मोठ्या चंद्रावर उलटी अडचण: गॅनिमिडवर पाण्याचा थर शेकडो किलोमीटरचा, तळाशी दाब इतका की पाणी पुन्हा गोठतं, आणि तो बर्फ पाण्यापेक्षा जड म्हणून बुडी राहतो. समुद्राला वर बर्फाचं छत, खाली बर्फाची फरशी. खडकाशी संपर्क अवघड, म्हणजे गालापागोससारखे झरेही अवघड. ‘मोठा चंद्र म्हणजे चांगला समुद्र’ हे तिथे मोडतं.

दुसरी नेहमीची चूक भोकाची. बर्फात आरपार भोक पाडलं तर समुद्र खालीच राहील असं धरतात. बर्फ तरंगतोय, म्हणून पाणी त्याच्या जाडीच्या नऊ-दशांश उंचीपर्यंत चढेल. २० किलोमीटर बर्फ असेल तर पाणी १८ किलोमीटर वर येईल आणि वाटेत गोठायला लागेल. अंटार्क्टिकात व्होस्टोक सरोवराच्या बाबतीत २०१२ मध्ये हेच झालं: पावणेचार किलोमीटरच्या बर्फाखालून पाणी भोकात वर चढलं आणि गोठलं. त्या भोकात ते बुजू नये म्हणून रॉकेल भरलेलं होतं, त्यावरून प्रदूषणाचा केवढा वाद झाला. गॅलिलिओ यान २००३ मध्ये मुद्दाम गुरूवर आदळवलं, ते युरोपावर पडून पृथ्वीचे जंतू तिथे जाऊ नयेत म्हणून. तुमच्या खेळातल्या खाणकामगारांचं आणि जीवशास्त्रज्ञांचं भांडण इथे आयतं तयार आहे, क्लार्कच्या प्राण्याची गरजही नाही.

आणि बर्फाची जाडी? गॅलिलिओच्या फोटोंवरून रिचर्ड ग्रीनबर्ग यांचा गट म्हणत होता की बर्फ पातळ आहे, काही किलोमीटर, भेगांतून समुद्र वर येतो. रॉबर्ट पापालार्डो आणि इतर म्हणत होते जाड, वीसेक किंवा जास्त, आणि वरचे आकार कोमट बर्फाच्या अभिसरणाने झालेले. (बघा, रेनॉल्ड्स-कॅसन यांचं १९७९ चं दूध परत उकळायला लागलं.) हा तपशिलाचा वाद नाही. गुरूच्या किरणोत्सर्गाने पृष्ठभागावर ऑक्सिजन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतात. बर्फ पातळ आणि फुटका असेल तर ते खाली पोचतं, म्हणजे समुद्रात जिवांना ‘जेवण’ आहे. जाड आणि मिटलेला असेल तर उपास. एका आकड्यावर अख्खी परिसंस्था टांगलेली आहे, खऱ्या चंद्रावरही आणि खेळातल्याही. सध्या जाड बर्फाच्या बाजूने जास्त लोक आहेत.

युरोपा क्लिपर १४ ऑक्टोबर २०२४ ला सुटलं, पापालार्डो त्याचे प्रोजेक्ट सायंटिस्ट. त्यावर बर्फाच्या आत बघणारा रडार आहे आणि मॅग्नेटोमीटरही. ते एप्रिल २०३० मध्ये गुरूपाशी पोचेल. युरोपीय ‘ज्यूस’ यान २०३१ मध्ये, मुख्यतः गॅनिमिडसाठी. आत्ता पीएचडीला प्रवेश घेणाऱ्यांचा थिसिस जमा व्हायची वेळ साधारण हीच, तेव्हा ज्यांना हा विषय घ्यायचाय त्यांनी १९७९ चे दोन्ही पेपर आणि १९८० ची दुरुस्ती एका बैठकीत, याच क्रमाने वाचा. दुरुस्ती दोनच पानांची आहे.